थोरले मुक्तिबोध आणि त्यांचे काव्यशास्त्र

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत यंदाच्या व्याख्यानमालेचे विषय ठरत होते. मी मुक्तिबोधांचे नाव सुचवले तेव्हा सर्वांनी माना डोलावल्या, कारण त्यांना वाटले की मी शरच्चंद्र मुक्तिबोधांविषयी बोलतो आहे. मी थोरल्यांविषयी, म्हणजे गजानन माधव मुक्तिबोधांविषयी बोलतो आहे हे लक्षात आल्यावर मात्र कुजबुज सुरू झाली. एका ज्येष्ठ सभासदांनी स्पष्टच हरकत घेतली. ते हिंदीचे कवी, मराठी व्याख्यानमालेत त्यांचे काय काम, असा त्यांचा प्रश्न होता. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न गैरवाजवी वाटणार नाही. इथे एकेका मराठी वर्गासाठी, दुकानावरच्या एकेका पाटीसाठी झगडावे लागते. त्यात दुसऱ्या भाषेच्या माणसाला जागा कशाला द्यायची? मला त्या दिवशी चटकन उत्तर देता आले नाही. ते सविस्तर द्यावे म्हणून हा लेख.

मुक्तिबोध घराणे मूळचे खानदेशातले. गजाननरावांचे पणजोबा जळगावकडून ग्वाल्हेर संस्थानात गेले आणि कुटुंब तिकडेच रुजले. शिंदे-होळकरांच्या राज्यात अशी शेकडो घरे गेली. कोणी कारकुनीत, कोणी फौजेत, कोणी पोलिसात. वडील माधवराव पोलीस खात्यात अधिकारी होते. शिस्तीचे आणि सचोटीचे म्हणून त्यांची ख्याती होती. आई पार्वतीबाई बुंदेलखंडातल्या ईसागढच्या, सुखवस्तू शेतकरी घरातल्या. त्यांचे शिक्षण सहावीपर्यंतच झाले होते, पण वाचनाची आवड दांडगी होती. त्यांचे दोन आवडते लेखक होते, प्रेमचंद आणि हरिभाऊ आपटे. एकाच घरात, एकाच बाईच्या हातात हिंदीचा आणि मराठीचा सर्वांत मोठा कादंबरीकार असावा, हे चित्र मला फार बोलके वाटते. पुढे गजाननरावांनी आपल्याला प्रेमचंदांचे भक्त कोणी केले याचे श्रेय आईलाच दिले आणि त्यावर एक लेखही लिहिला.

गजाननरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे झाला. वडिलांच्या बदल्यांमुळे शाळा सारखी बदलत राहिली. पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा म्हणून घरात शिपाई-हुजऱ्यांचा राबता, लाड भरपूर, पण अभ्यासाची घडी काही बसेना. १९३० मध्ये उज्जैनला मिडलच्या परीक्षेत ते नापास झाले. इंदूरच्या होळकर कॉलेजातही बी. ए. ला एकदा अडखळले आणि १९३८ मध्ये उत्तीर्ण झाले. आम्ही शिक्षक मंडळी गुणपत्रिकेवरून मुलाचे भवितव्य वर्तवतो, म्हणून हे मुद्दाम नमूद केले. १९३९ मध्ये घरच्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांनी शांताबाईंशी प्रेमविवाह केला. यानंतर सुस्थिती अशी त्यांच्या वाट्याला फारशी आलीच नाही.

त्यांनी पोट भरले ते बहुतांशी मास्तरकीवर. बडनगर, शुजालपूर, उज्जैन अशा ठिकाणच्या शाळांत तुटपुंज्या पगारावर ते शिकवत राहिले. शुजालपूरच्या शारदा शिक्षा सदनात नेमिचंद्र जैन यांची गाठ पडली आणि त्यांच्यामुळे मार्क्सवादाशी जवळून परिचय झाला. त्याआधी काही वर्षे ते बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या प्रभावाखाली होते. तिशीही न गाठलेला एक शाळामास्तर माळव्यातल्या गावात बसून बर्गसाँ आणि मार्क्स यांच्यात आपली वाट शोधतो आहे, हे आज नवलाचे वाटते. १९४२ मध्ये उज्जैनला त्यांनी मध्य भारतातल्या प्रगतिशील लेखकांचा संघ उभा केला.

१९४३ मध्ये अज्ञेय यांनी संपादित केलेला 'तार सप्तक' हा संग्रह निघाला. आधुनिक हिंदी कवितेतला एक मोठा टप्पा म्हणून त्याचे नाव घेतले जाते. सात कवींपैकी दोघे मराठी घरातले, मुक्तिबोध आणि ग्वाल्हेरचे प्रभाकर माचवे. या संग्रहाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. प्रत्येक कवीच्या कवितांबरोबर त्याचे स्वतःचे वक्तव्य छापले होते. आपण कविता का आणि कशी लिहितो हे कवीनेच सांगायचे. म्हणजे मुक्तिबोध वाचकांसमोर पहिल्यांदा ठळकपणे आले तेच एका हातात कविता आणि दुसऱ्या हातात विचार घेऊन. पुढची वीस वर्षे त्यांनी हे दोन्ही हात रिकामे होऊ दिले नाहीत.

इथे थोडे माझ्या वर्गातले सांगतो. दहावीच्या मुलांना रसग्रहण शिकवताना आम्ही एक साचा देतो. मध्यवर्ती कल्पना, रस, अलंकार, भाषाशैली, कवितेतून मिळणारा संदेश. बी. एड. ला असताना आम्हालाही भरताच्या रससूत्रापासून मम्मटाच्या काव्यप्रयोजनांपर्यंत सारे घोकून घेतले होते. एकदा एका मुलीने मला विचारले की कवीने लिहिताना हे सगळे ठरवले होते का. मी तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. साहित्यशास्त्र आणि साहित्य यांचे नाते नेमके काय, आधी कोण आणि मागून कोण, हाच तिचा प्रश्न होता, फक्त तिला ते शब्द ठाऊक नव्हते. मुक्तिबोधांचे गद्य मी बऱ्याच उशिरा वाचले. त्या मुलीचा प्रश्न या माणसाने आयुष्यभर अंगावर घेतला होता, असे ते वाचताना वाटत राहिले.

त्यांचे काव्यशास्त्र प्राध्यापकी नव्हते. ते लिहिताना आलेल्या अडचणीतून निघाले होते. त्यांच्या कविता लांबत जात. संपतच नसत. वर्षानुवर्षे ते त्या पुन्हा पुन्हा लिहीत, बदलत, बाजूला ठेवत. संपादकांना छोट्या, आटोपशीर कविता हव्या असत. असे का होते, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. जगातले वास्तवच एकमेकांत गुंतलेले आहे, एक धागा ओढला की दुसरा सोबत येतो, मग कविता लहान कशी राहील, असे उत्तर त्यांना सापडले. आपल्या ज्या कविता लहान दिसतात त्या खरे तर अपुऱ्या राहिलेल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते.

यातूनच पुढे कलेच्या तीन क्षणांचा विचार आला. जबलपूरहून हरिशंकर परसाई 'वसुधा' नावाचे मासिक काढत. त्यात मुक्तिबोध डायरीच्या रूपाने लेखन करत असत. डायरी हे नुसते नाव. प्रत्यक्षात ते दोन मित्रांचे संवाद, फिरायला जाताना झालेले वाद, मनातली उलटतपासणी अशा स्वरूपाचे लेखन आहे. काव्यशास्त्रासारखा रुक्ष विषय त्यांनी गोष्टीसारखा सांगितला आहे. त्यांच्या मते पहिला क्षण असतो जीवनातल्या उत्कट अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी हा अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटा होतो आणि डोळ्यांसमोर एका कल्पनाचित्राचे, त्यांच्या शब्दात फँटसीचे, रूप घेतो. आता तो केवळ माझा राहत नाही, मी त्याच्याकडे पाहू शकतो. तिसरा क्षण त्या चित्राला शब्दांत उतरवण्याचा. तो क्षण म्हणायचा एवढेच, कारण रचना पुरी होईपर्यंत तो चालूच असतो.

या तिसऱ्या क्षणाविषयी त्यांनी जे सांगितले आहे ते भाषेच्या प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे मला वाटते. भाषा ही एकट्या लेखकाची मालमत्ता नव्हे, ती समाजाची ठेव आहे. प्रत्येक शब्द आपल्यासोबत पिढ्यांचे अर्थ घेऊन येतो. लेखक आपले चित्र शब्दांत बसवायला जातो तेव्हा शब्द ते चित्र कापतात, वळवतात, कधी त्यात नवी भर घालतात. शेवटी कागदावर जे उतरते ते सुरुवातीला मनात होते तेच नसते. उलट बाजूने, चांगला लेखक या झटापटीत भाषेलाही काही नवे देऊन जातो.

आता माझा एक तर्क. त्याला पुरावा नाही, म्हणून तर्क म्हणूनच घ्यावा. घरात मराठी, बाहेर माळवी आणि हिंदी, कॉलेजात इंग्रजी, अशा माणसाला अनुभव एका भाषेत येतो आणि तो लिहायचा दुसऱ्या भाषेत असतो. तिसऱ्या क्षणी शब्द कसे आडवे येतात आणि कसे हात देतात हे अशा माणसाच्या जास्त लवकर ध्यानात येत असेल. त्यांच्या हिंदी वाक्यांची चण मराठी वळणाची आहे असे हिंदी जाणकारही म्हणतात, आणि मराठी वाचकाला ते वाचताना ओळखीचे काही तरी कानावर पडते. आमच्या वर्गात घरी मराठी बोलणारी, शेजारी कन्नड ऐकणारी आणि निबंध इंग्रजीत लिहिणारी मुले असतात. निबंधात ती अडतात तेव्हा आपण त्यांना शब्दसंपत्ती कमी आहे असे सांगून मोकळे होतो.

मुक्तिबोधांचे भांडण दोन बाजूंशी होते. ते स्वतः मार्क्सवादी, पण कवितेकडून घोषणांची अपेक्षा करणाऱ्या आणि कवीच्या मनातली गुंतागुंत हा दोष मानणाऱ्या प्रगतिवादी समीक्षकांशी त्यांचे पटत नसे. दुसरीकडे नव्या कवितेच्या गोटात वेगळेच शास्त्र रूढ होत होते. एकट्या क्षणाची अनुभूती तेवढी खरी, सामाजिक आशय आला की कविता गढूळ झाली, असे ते शास्त्र. मुक्तिबोधांनी या दुसऱ्या शास्त्राच्या एका परिणामावर नेमके बोट ठेवले. कवितेविषयीची एखादी अभिरुची थिजून गेली की ती कवीच्या मनात जाऊन तपासनीस होऊन बसते, असे त्यांनी दाखवले. जो अनुभव तिच्या चौकटीत बसत नाही तो कवी लिहायच्या आधीच परतवून लावतो, आणि आपण काही परतवले हेही त्याला कळत नाही. म्हणजे साहित्यशास्त्र कवितेच्या मागून येते आणि तिचे फक्त मोजमाप घेते, हे खरे नव्हे. ते लिहिण्याच्या आधीच मनात येऊन बसलेले असते. मग निदान कोणते शास्त्र आपल्या डोक्यात बसले आहे हे लेखकाने तपासून पाहावे, एवढी त्यांची मागणी होती. मराठीत असा विचार इतक्या रोखठोकपणे कोणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही. अर्थात माझे वाचन ते केवढे.

जयशंकर प्रसाद यांच्या 'कामायनी' या महाकाव्यावर त्यांनी एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. मनू, श्रद्धा आणि इडा यांच्या या कथेकडे हिंदी समीक्षक रसाच्या आणि आनंदवादी तत्त्वज्ञानाच्या अंगाने पाहत आले होते. मुक्तिबोधांनी ते काव्य एक विशाल फँटसी म्हणून वाचले. पुराणकथेच्या पडद्याआडून प्रसादांनी आपल्याच काळातल्या माणसाची दुबळी, अहंकारी बाजू रंगवली आहे, आणि शेवटी दिलेले समरसतेचे तत्त्वज्ञान काव्याने स्वतःच उभ्या केलेल्या प्रश्नांना पुरे पडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. तो सर्वांना पटला असे नाही. मलाही प्रसादांवर तो थोडा अन्याय करणारा वाटतो. पण गंमत अशी की फँटसी हे जे हत्यार त्यांनी इथे वापरले, तेच त्यांच्या स्वतःच्या कवितेचे अंग आहे. 'ब्रह्मराक्षस' आणि 'अँधेरे में' या कविता अशाच भयस्वप्नासारख्या रचलेल्या आहेत. दुसऱ्याची कविता वाचता वाचता आपली कविता घडवणे आणि आपली कविता लिहिता लिहिता दुसऱ्याची उलगडणे, हे त्यांच्याकडे एकाच वेळी चाले.

नोकरीचे सांगायचे राहिले. १९४५ मध्ये ते बनारसला 'हंस' मासिकात गेले, तिथून जबलपूरला, आणि १९४८ मध्ये नागपूरला. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होते आणि मराठी व हिंदी दोन्ही तिथे नांदत होत्या. सरकारच्या माहिती खात्यात, मग आकाशवाणीवर त्यांनी काम केले. पस्तिशी उलटल्यावर नागपूर विद्यापीठातून एम. ए. झाले. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि आपण सीमाभागातले लोक ते वर्ष कधी विसरू शकत नाही. नागपूर मुंबई राज्यात गेले, हिंदी भागाचे नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि कचेऱ्या भोपाळला हलल्या. मुक्तिबोधांनी आकाशवाणी सोडली आणि 'नया खून' या साप्ताहिकाचे संपादन पत्करले. कर्ज, आजारपण, मुलांची शिक्षणे, उसनवारी हे सारे नागपूरच्या दहा वर्षांत पाचवीला पुजलेले होते. १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली. हे गाव आता छत्तीसगडमध्ये आहे. संस्थानिकांच्या जुन्या वाड्याच्या भागात, दोन तलावांच्या मध्ये त्यांचे बिऱ्हाड होते. त्या घराचा गोल फिरत जाणारा जिना त्यांच्या कवितेत शिरला. थोडी स्वस्थता मिळाली ती इथेच.

तीही टिकली नाही. त्यांनी शाळांसाठी भारताच्या इतिहासाचे आणि संस्कृतीचे एक पाठ्यपुस्तक लिहिले होते. त्याविरुद्ध ओरड झाली आणि १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने ते बंद केले. पुस्तकाच्या विक्रीतून डोक्यावरचे कर्ज फिटेल ही आशा गेली, पण त्याहून मोठा घाव मनावर बसला. पाठ्यपुस्तकाचा वाद म्हणजे काय हे आपल्याकडच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात उपचार झाले. पुढे लेखक मित्रांनी खटपट केली, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपर्यंत शब्द गेला आणि त्यांना दिल्लीला अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हलवले. निदान मेंदूच्या आवरणाच्या क्षयाचे झाले. ते शुद्धीवर नव्हते. याच काळात श्रीकांत वर्मा आदी मित्र त्यांच्या कविता गोळा करून पहिल्या संग्रहाची जुळणी करत होते. ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते गेले. वय अवघे ४६. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा संग्रह त्यानंतर आला, शमशेर बहादूर सिंह यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे काव्यविचाराचे पुस्तक हयातीत निघाले आणि कवितेचे निघाले नाही. ज्याच्या हाताला कवितेचाच वास होता त्याच्या बाबतीत हे असे उलटे घडले.

धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतच राहिले. 'नवी मळवाट' आणि 'यात्रिक' हे त्यांचे कवितासंग्रह, 'क्षिप्रा', 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथे' या त्यांच्या कादंबऱ्या. क्षिप्रा म्हणजे उज्जैनची नदी, दोघांच्याही लहानपणची. शरच्चंद्रही कवी आणि साहित्यशास्त्राचे विचारक असे दोन्ही होते. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथात त्यांनी साहित्याचे मूल्य मानुषतेत शोधले आणि १९७९ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका आईची दोन मुले, एक हिंदीत आणि एक मराठीत एकाच कोड्याशी झुंजत राहिली. त्यांच्यातला एक आपला आणि दुसरा परका, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मी एवढेच सांगितले. आमच्या हरकत घेणाऱ्या सभासदांनी सगळे ऐकून घेतले आणि वाचनालयात त्यांचे एखादे तरी पुस्तक आहे का, असे विचारले. दाखल नोंदवही काढली. शरच्चंद्रांची तीन पुस्तके निघाली, थोरल्यांचे एकही नाही. १९८० मध्ये नेमिचंद्र जैन यांनी संपादित केलेली त्यांची रचनावली सहा खंडांची आहे. सगळे खंड घेण्याइतकी शिल्लक यंदा नाही, म्हणून आधी डायरी मागवावी असे ठरले, आणि मागणीपत्रावर सूचक म्हणून सही त्या सभासदांनीच केली.